४७ हा आकडा शिकवताना: जीवशास्त्राच्या शिक्षकांना खुलं पत्र

महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजांत विज्ञान आणि जीवशास्त्र शिकवणाऱ्या सर्व सरांना आणि बाईंना,

सप्रेम नमस्कार.

माझं आयुष्य गुणसूत्रं मोजण्यात गेलं. पंचवीसहून जास्त वर्षं मी हे काम करते आहे. निवृत्तीनंतरही आठवड्यातून दोन दिवस प्रयोगशाळेत जाते. तुम्ही फळ्यावर तीन ओळींत जे शिकवता, ते माझ्यासमोर रक्ताच्या नळीतून येतं आणि त्या नळीमागे दाराबाहेर बाकावर आई-वडील बसलेले असतात.

मागच्या वर्षी एक बाई आपल्या नववीतल्या मुलीला घेऊन मला भेटायला आल्या. त्या मुलीच्या मोठ्या भावाचा रिपोर्ट सतरा वर्षांपूर्वी मीच लिहिला होता. ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रं, २१ व्या जोडीत एक जादा, म्हणजे डाऊन सिंड्रोम. मुलीने शाळेची वही आणली होती. वर्गात उतरवून घेतलेल्या टिपणात लक्षणांची यादी होती: मतिमंदत्व, ठेंगणेपणा, चपटं नाक, आखूड बोटं, तळहातावर एकच आडवी रेषा. आणि शेवटची ओळ, 'आयुर्मान १६ ते २० वर्षे'. मुलीने वही माझ्यासमोर ठेवली आणि विचारलं, "मावशी, दादा सतराचा झालाय. म्हणजे आता तीनच वर्षं?"

हे तिने महिनाभर मनात ठेवलं होतं. आईलाही बोलली नव्हती. रात्री दादाचा श्वास चालू आहे का, हे उठून बघत होती, म्हणून आईच्या लक्षात आलं.

तिच्या शिक्षकांवर माझा राग नाही. त्यांनी तेच शिकवलं जे त्यांना शिकवलं गेलं होतं, आणि ती ओळ एके काळी खोटीही नव्हती. पण तो काळ कधीच सरला. अमेरिकेतली आकडेवारी पाहिली तर १९८३ च्या सुमारास डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचं सरासरी आयुर्मान पंचविशीच्या आसपास होतं. आज चांगले उपचार मिळणाऱ्या देशांत ते साठीच्या घरात आहे. एवढ्या वर्षांत गुणसूत्र बदललेलं नाही, ते तेव्हाही ४७ होतं आणि आजही ४७ आहे. बदललं ते आपलं वागणं. या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना जन्मतः हृदयाचा दोष असतो, बहुतेकदा हृदयाच्या पडद्याला छिद्र. पूर्वी त्यावर शस्त्रक्रिया व्हायची नाही. कधी सोय नसायची, आणि कधी 'अशा मुलावर कशाला' म्हणून ती नाकारली जायची. मुलं संस्थांमध्ये टाकली जायची, तिथे न्यूमोनियानं जायची. आता छिद्र बुजवतात, थायरॉइड तपासतात, कान तपासतात, मूल घरात वाढतं. आपल्याकडे हे सगळ्यांच्या वाट्याला येतं असं मी म्हणणार नाही. खेड्यातल्या मुलाला हृदयाची तपासणी वेळेत मिळणं अजून नशिबावर आहे. पण मग वर्गात सांगायचं ते हे, की हृदय लवकर तपासून घ्यावं लागतं. १६ ते २० हा आकडा सांगितला की मूल उपचारांच्या आधीच संपतं. त्या बाकावर कुणाचा भाऊ आहे, कुणाची आत्या आहे, हे आपल्याला ठाऊक नसतं.

म्हणून हे पत्र. गुणसूत्रांचा धडा शिकवताना मुलांना आधी मोजणी शिकवा. ४७ ही मोजणी आहे. त्या माणसाबद्दलचा निकाल त्यात लिहिलेला नसतो. हे मी सांगते आहे ते काचपट्टीवर मान मोडून शिकलेलं आहे, म्हणून थोडं माझ्या कामाबद्दल सांगू द्या.

रक्त हिरव्या बुचाच्या नळीत, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनच्या नळीत यावं लागतं. जांभळ्या बुचाची आली तर पेशी वाढत नाहीत आणि त्या बाळाला पुन्हा सुई टोचावी लागते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी एरवी विभागत नाहीत. त्यांना जागं करायला आम्ही एक द्रव घालतो, तो राजम्यापासून काढतात. हो, आपल्या जेवणातला राजमा. हे वर्गात सांगितलं की मुलं डोळे मोठे करतात. मग ७२ तास ३७ अंशांवर, म्हणजे अंगाच्या उबेला, पेशी वाढू द्यायच्या. विभाजनाच्या ऐन मध्यावर त्यांना थांबवायचं. मग क्षाराचं पातळ द्रावण घालायचं, की पेशी पाणी पिऊन फुगते आणि आतली गुणसूत्रं एकमेकांपासून सुटी होतात. मिथेनॉल आणि अॅसेटिक आम्लात त्या पक्क्या करायच्या, थंड ओल्या काचपट्टीवर वरून थेंब टाकायचा, रंगवायचं. मग गुणसूत्रांवर काळे-पांढरे पट्टे उमटतात. आणि मग मोजायचं. एका पेशीवर कधीच भागत नाही. निदान वीस पेशी मोजतो. एखाद्या पेशीत ४५ येतात, कारण एक गुणसूत्र पसरताना निसटलेलं असतं. एखादीत दोन एकमेकांवर आडवी पडलेली असतात आणि एकच वाटतात. आमच्या कामात पहिल्या मोजणीवर विश्वास ठेवायचा नसतो.

आणि याचा इतिहासही तेच सांगतो. माणसाची गुणसूत्रं ४८ असतात, असं जगभरच्या पुस्तकांत तीसहून जास्त वर्षं छापलेलं होतं. १९२३ मध्ये थिओफिलस पेंटर यांनी अमेरिकेत तो आकडा दिला आणि पुढचे लोक मायक्रोस्कोपात बघून ४८ च मोजत राहिले, कारण ४८ मोजायचे हे आधीच ठरलेलं होतं. १९५५ च्या डिसेंबरात स्वीडनमधल्या लुंडला 'जो हिन त्जिओ' नावाच्या संशोधकाने पेशी फुगवण्याची ती नवी युक्ती वापरून पाहिलं आणि त्याला ४६ दिसले. पुन्हा मोजले, पुन्हा ४६. पुढच्या वर्षी आल्बर्ट लेव्हान यांच्यासोबत त्याने ते छापलं. त्जिओ मूळचा जावा बेटावरचा, महायुद्धात जपान्यांच्या तुरुंगवासातून गेलेला माणूस. पाठ्यपुस्तकाच्या विरोधात स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायला केवढी छाती लागली असेल, याचा मी अनेकदा विचार करते. ही गोष्ट मुलांना सांगा. पुस्तकातला आकडा चुकू शकतो, हे विज्ञानाच्या तासालाच कळलं पाहिजे.

४६ ठरल्यावर तीन वर्षांत ४७ सापडले. ती गोष्ट पॅरिसची आहे आणि तिच्यातली बाई मला फार जवळची वाटते. मार्त गोतिए. शेतकरी घरातली मुलगी, बालरोगतज्ज्ञ झाली, शिष्यवृत्तीवर बोस्टनला गेली आणि तिथे पेशी वाढवण्याचं तंत्र शिकून आली. १९५६ मध्ये परत आली तेव्हा फ्रान्समध्ये ते फारसं कुणाला येत नव्हतं. त्रुसो रुग्णालयात तिला एक मोडकी खोली मिळाली, साधा मायक्रोस्कोप मिळाला. पैसे नाहीत म्हणून काचेचं सामान कर्ज काढून घेतलं. पेशींना लागणारं मानवी सीरम विकत घेणं परवडेना, म्हणून स्वतःचं रक्त काढून वापरलं. एक कोंबडा पाळला, त्याचं रक्तही त्याच कामासाठी. अशा खोलीत, १९५८ मध्ये, डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाच्या पेशींत तिने ४७ मोजले.

तिच्या मायक्रोस्कोपला कॅमेरा नव्हता. काचपट्ट्या फोटो काढायला म्हणून सहकारी जेरोम लेजून यांनी नेल्या. जानेवारी १९५९ मध्ये शोधनिबंध छापून आला तेव्हा पहिलं नाव लेजून यांचं होतं, दुसरं गोतिएचं, तेही आडनावाचं स्पेलिंग चुकवून, आणि तिसरं विभागप्रमुख रेमों त्युर्पिन यांचं. लेजून जगप्रसिद्ध झाले. त्यांनी पुढे मोलाचं कामही केलं, ते मी नाकारत नाही. गोतिए गुणसूत्रं सोडून मुलांच्या उपचारांकडे परत गेली. पन्नास वर्षांनी तिने आपली हकीकत लिहिली. २०१४ मध्ये फ्रान्सच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या नीती समितीने म्हटलं, की या शोधात लेजून यांचा वाटा प्रमुख असण्याची शक्यता कमी आहे. २०२२ मध्ये, ९६ वर्षांची होऊन, ती गेली. प्रयोगशाळेत हातानं काम करणाऱ्या बायका आमच्याकडेही पुष्कळ आहेत. रिपोर्टवर सही दुसऱ्याची असते. म्हणून विनंती आहे, की 'शोध कुणी लावला' हा प्रश्न आला तर गोतिए हे नावही फळ्यावर लिहा.

आता दुसरी बाई, आणि ही गोष्ट कदाचित तुमच्या धड्याला जास्त लागू पडेल. पॅट्रिशिया जेकब्ज, एडिनबरा. १९५९ मध्येच त्यांनी क्लाइनफेल्टर सिंड्रोम असलेल्या पुरुषात एक्सएक्सवाय, म्हणजे एक एक्स जादा धरून ४७ गुणसूत्रं दाखवली. विलक्षण संशोधक. पण १९६५ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी स्कॉटलंडमधल्या एका कडेकोट बंदोबस्ताच्या रुग्णालयातल्या पुरुषांची गुणसूत्रं मोजली. १९७ जणांत सात जण एक्सवायवाय, म्हणजे एक वाय जादा असलेले निघाले. हे प्रमाण जास्तच होतं, मोजणी बरोबर होती. पण निबंधाच्या शीर्षकात 'आक्रमक वर्तन' हे शब्द आले. बस्स. वर्तमानपत्रांनी त्यातून 'गुन्हेगारीचं गुणसूत्र' तयार केलं. शिकागोत आठ शिकाऊ परिचारिकांचा खून करणारा रिचर्ड स्पेक एक्सवायवाय आहे, असं छापून आलं आणि ते पुस्तकांतही शिरलं. प्रत्यक्षात त्याची गुणसूत्रं सर्वसाधारण ४६ होती.

मग नवजात बाळांची मोजणी झाली तेव्हा कळलं, की साधारण हजार मुलग्यांत एक एक्सवायवाय असतो. थोडा उंच होतो, काहींना वाचायला-बोलायला मदत लागते, आणि बहुतेकांना आपल्यात जादा वाय आहे हे आयुष्यभर कळतही नाही. तुमच्या हातून दरवर्षी दोनशे मुलगे जात असतील तर नोकरीभरात असे चार-पाच तुम्ही शिकवलेच असतील. जेकब्ज यांनी पुढे जाहीरपणे मान्य केलं, की ते शब्द शीर्षकात घालायला नको होते. मला त्यांच्याबद्दलचा आदर त्या कबुलीमुळे वाढला. एक शब्द शीर्षकात गेला आणि हजारो आई-बाप घाबरले. आपण वर्गात जे शब्द वापरतो त्यांचंही तसंच होतं.

त्यातला एक शब्द तर हद्दपार झाला पाहिजे. अजूनही गाइडांत आणि टिपणांत डाऊन सिंड्रोमला 'मंगोलिकता' म्हणतात. १८६६ मध्ये लँग्डन डाऊन यांनी या मुलांचं वर्णन केलं तेव्हा युरोपात मानववंशांची उतरंड लावण्याची रीत होती, आणि या मुलांचे चेहरे त्यांना मंगोल वंशासारखे वाटले. म्हणजे एका शब्दात दोन अपमान: मुलांचा आणि एका अख्ख्या समाजाचा. १९६१ मध्ये १९ तज्ज्ञांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून हा शब्द सोडा म्हटलं. १९६५ मध्ये मंगोलियाच्या विनंतीवरून जागतिक आरोग्य संघटनेने तो सोडला. आपल्याला अजून सोडता आलेला नाही.

नाव देण्याची दुसरी रीतही आहे, आणि ती आपल्या मुंबईची आहे. १९५२ मध्ये डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक नवा रक्तगट मांडला. या लोकांचं रक्त वरवर ओ गटाचं वाटतं, पण ओ गटाचं रक्तही त्यांना चालत नाही, कारण सगळ्यांच्या तांबड्या पेशींवर असणारा एच नावाचा घटकच त्यांच्यात नसतो. त्यांना फक्त त्यांच्याच गटाचं रक्त द्यावं लागतं. इथे काहीतरी 'नसणं' होतं, तरी कुणी त्याला विकृती म्हटलं नाही. शहराचं नाव दिलं, बॉम्बे रक्तगट. अशा माणसाला रक्त लागलं की व्हॉट्सअॅपवर हाक जाते आणि दाता दुसऱ्या जिल्ह्यातून रात्रीची एसटी पकडून येतो. परिवर्तन, म्हणजे माणसामाणसांतला फरक, हा शब्द शिकवायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

आणि परिवर्तन तर सगळ्यांतच असतं. माझ्या काचपट्ट्यांवर कितीतरी धडधाकट माणसांच्या नवव्या गुणसूत्राचा मधला तुकडा उलटा बसलेला दिसतो. आम्ही तो नेहमीचा फरक म्हणून नोंदवतो आणि पुढे जातो. साधारण पाचशेत एका माणसात दोन गुणसूत्रांचे तुकडे आपापसांत अदलाबदल झालेले असतात. काही कमी नाही, काही जास्त नाही, तब्येत ठणठणीत. वारंवार गर्भपात झाल्यावर तपासणी होते तेव्हाच ते कळतं. प्रत्येक बाळ आई-वडील दोघांतही नसलेले पाच-सहा डझन नवे जनुकीय बदल घेऊन जन्माला येतं. 'सामान्य' आणि 'अपसामान्य' असे दोन रकाने फळ्यावर पाडण्याआधी हे सांगितलं, तर ते रकाने आपोआप थोडे पुसट होतील.

सगळ्यात जास्त मला जे सांगायचं आहे ते आईबद्दल.

रिपोर्ट हातात दिल्यावर पहिला प्रश्न बहुतेक वेळा सासू विचारते, आणि तो सुनेकडे बघून विचारते. ग्रहणात काही चिरलं होतंस का? पपई खाल्लीस का? एकदा एका आजींनी सुनेच्या माहेरची तीन पिढ्यांची यादी काढली. सून मान खाली घालून बसली होती. आणि एक गोष्ट लिहिताना जड जातं: त्या सुनेचे पतिराज बी.एस्सी. झालेले होते. त्यांना अर्धगुणसूत्री विभाजनाच्या, म्हणजे अंडं आणि शुक्राणू बनतानाच्या विभाजनाच्या, सगळ्या अवस्था पाठ असणार, कधीतरी गुणही मिळाले असणार. पण त्या अवस्थांचा आपल्या बायकोशी काही संबंध आहे, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

तो संबंध असा आहे. बाईची सगळी अंडी ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार व्हायला लागतात. विभाजन अर्ध्यावर थांबतं आणि कित्येक वर्षं तसंच थांबून राहतं. तिसाव्या वर्षी सुटणारं अंडं तीस वर्षांहून जास्त काळ वाट पाहत असतं. इतका वेळ जोडी धरून ठेवणारी बंधनं सैल होतात, आणि कधी कधी २१ ची दोन्ही गुणसूत्रं एकाच बाजूला जातात. विशीत ही शक्यता साधारण दीड हजारांत एक, पस्तिशीत साडेतीनशेत एक, चाळिशीत शंभरात एक. तरीही यातली बरीचशी मुलं तरुण आयांच्याच पोटी येतात, कारण बाळंतपणं त्याच वयात जास्त होतात. काही मुलांमध्ये जादा गुणसूत्र वडिलांकडून आलेलं असतं. यात ग्रहण नाही, पपई नाही, पाप नाही. मामाच्या मुलीशी लग्न झाल्याने सिकलसेल किंवा थॅलेसेमियासारख्या आजारांचा धोका वाढतो हे खरं, पण ४७ व्या गुणसूत्राशी त्याचा संबंध नाही. वर्गात या दोन गोष्टींची फार गल्लत होते. शंभरात तीन-चार कुटुंबांत मात्र जादा तुकडा दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेला असतो आणि तो आई किंवा वडिलांकडून येऊ शकतो. म्हणूनच तर प्रत्येक मुलाची तपासणी करायची असते. पुढच्या बाळाबद्दल काय सांगायचं, ते त्यावर ठरतं.

अर्धगुणसूत्री विभाजनाच्या आकृतीखाली हे एवढं सांगायला पाच मिनिटं लागतात. त्या वर्गातल्या मुली पुढे सुना होणार आहेत, मुलगे नवरे होणार आहेत. दहा वर्षांनी कुणीतरी माझ्यासारखीच्या समोर बसेल, तेव्हा ती पाच मिनिटं कामाला येतील.

टर्नर सिंड्रोमबद्दल थोडक्यात. साधारण दोन-अडीच हजार मुलींत एकीला दोनाऐवजी एकच एक्स असतो. बुद्धी बहुधा इतरांसारखीच असते, उंची वाढत नाही, वयात येणं लांबतं. तुमच्या वर्गात आठवीत पहिल्या बाकावर बसणारी एखादी मुलगी बहिणींपेक्षा फारच ठेंगणी राहिली असेल, तर आईला बोलावून हळूच सांगा, की एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवा. वेळेत कळलं तर उंचीसाठी आणि हृदयासाठी पुष्कळ करता येतं. आमच्याकडे अशा मुली विसाव्या वर्षी, लग्न ठरल्यावर येतात. वाढीचं वय निघून गेलेलं असतं. रोज समोर बसणाऱ्या मुलीकडे डॉक्टरांच्या आधी तुमची नजर जाते.

त्या नववीतल्या मुलीला मी तिच्या आईच्या परवानगीने दादाची काचपट्टी दाखवली. तेलाचा थेंब, शंभराचं भिंग, सतरा वर्षांपूर्वीचा रंग जरा फिका झालेला. तिने मोजले तर ४६ आले. तिचा चेहरा उजळला. मला ते बघवेना, पण सांगावं लागलं, की पुन्हा मोज, कोपऱ्यात दोन आडवी पडली आहेत. मग ४७ आले. जादा कुठलं ते मी दाखवलं. २१ वं हे सगळ्यांत लहान, २२ व्यापेक्षाही लहान. सुरुवातीला क्रम लावताना चूक झाली आणि नंबर तसेच राहिले. ती बराच वेळ बघत राहिली. मग मी तिला दादाच्या हृदयाचे कागद वाचून दाखवले. छिद्र दुसऱ्या वर्षी बुजवलं होतं, आताचा रिपोर्ट चांगला होता. तो रोज संध्याकाळी वडिलांच्या किराणा दुकानात बसतो, बरण्या पुसतो, गिऱ्हाइकांना नावानं ओळखतो, आणि पैशांचा हिशेब त्याला जमत नाही.

निघताना तिने वही पुन्हा उघडली आणि विचारलं, "मग परीक्षेत काय लिहू?"

मी म्हटलं, साठ वर्षं लिही. गुण कापले तर मी बघते.

तिचा पेपर तुमच्यापैकी कुणाकडे तरी तपासायला येणार आहे.

आपली,
गुणसूत्र प्रयोगशाळेतली एक ज्येष्ठ संशोधक
पुणे